व्हेप सापडला म्हणून मुलाला शाळेबाहेर काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलाच्या दप्तरात व्हेप म्हणजे ई-सिगारेट सापडला, सहलीला गेलेल्या पोरांनी दारू प्यायली, दहावीतली मुलं गांजा ओढताना पकडली, अशा बातम्या आता वरचेवर येतात आणि जवळजवळ प्रत्येक बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, "संबंधित विद्यार्थ्यांवर शाळेने कडक कारवाई केली आहे." वाचणाऱ्याला बरं वाटतं, चला शाळेने काहीतरी केलं. मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत शिकवतेय, आठवी ते दहावीच्याच वर्गांवर असते, आणि मला ठामपणे वाटतं की मुलाला आठवडा दोन आठवडे घरी बसवणं किंवा सरळ दाखला हातात देणं ही या सगळ्यातली सगळ्यात चुकीची कारवाई आहे. आणि ती एकटी शाळा करत नाही, बाकीच्या मुलांचे पालकच गेटवर येऊन सांगतात की त्याला काढा नाहीतर आमची मुलं बिघडतील.

हे कसं घडतं ते मी जवळून बघितलंय. नववीतला मुलगा, अभ्यासात मध्यम, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कंपासपेटीत पट्टीच्या खाली हायलाइटरसारखं दिसणारं काहीतरी होतं, टोपण काढून बघितलं तर व्हेप. हल्लीचे व्हेप असेच दिसतात, पेनड्राइव्हसारखे, मार्करसारखे, वास विचाराल तर फळांच्या गोळ्यांचा, धूर असा नाहीच, पोरं स्वेटरच्या बाहीत फुंकतात आणि वर्गात बसून ओढतात तरी कळत नाही. ऑफिसमध्ये मीटिंग झाली ती जेमतेम दहा मिनिटं. पत्र टाइप झालं, वडील हात जोडून उभे, आई रडतेय, मुलगा खाली मान घालून. त्या दहा मिनिटांत त्याला कोणी हे विचारलं नाही की बाळा हे तू कधीपासून ओढतोयस, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्याउठल्या लागतं का, एकटा असताना ओढतोस का मित्रांबरोबर, दिलं कोणी. पंधरा दिवस घरी. आईवडील दोघं कामावर. म्हणजे ज्या पोराला एकटं सोडायचं नाही त्यालाच आपण दिवसभर रिकाम्या घरात मोबाइल हातात देऊन बसवलं, आणि त्याला भेटायला दुपारी येणार कोण तर जे शाळा सोडून फिरतात तेच.

यात माझा अनुभव बाजूला ठेवा, यावर नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य अशा दोन ठिकाणच्या तीन हजारांहून जास्त सातवी-नववीच्या मुलांना सलग दोन वर्षं प्रश्न विचारले गेले, २००२ आणि २००३ मध्ये, आणि त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांचं धोरण ड्रग्ज सापडले की सस्पेंड असं होतं तिथली मुलं पुढच्या वर्षी गांजा घेण्याची शक्यता १.६ पट निघाली. आणि ही गोष्ट फक्त सस्पेंड झालेल्या मुलांची नाही, अख्ख्या शाळेतल्या मुलांची. म्हणजे "एकाला काढलं की बाकीचे धडा घेतात" हे जे आपण धरून चाललोय ते तिथे दिसलंच नाही. उलट ज्या शाळा अशा मुलाला समुपदेशकाकडे पाठवत होत्या तिथे ती शक्यता जवळपास निम्मी होती. आता एका अभ्यासाने सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही पण निदान काढून टाकल्याने फायदा होतो असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या बाजूचा एखादा पुरावा तरी दाखवावा.

मुळात व्हेपमध्ये निकोटिन, म्हणजे तंबाखूतलं व्यसन लावणारं रसायन असतं, हे पालकांना सांगावं लागतं कारण बऱ्याच जणांना अजूनही व्हेप म्हणजे सुगंधी वाफ वाटते. आजचा ई-सिगारेट २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने बनवला, मोठ्या माणसांची सिगारेट सुटावी म्हणून. मग २०१५ ला अमेरिकेत जूल नावाच्या कंपनीचा व्हेप आला, त्यात निकोटिनमध्ये बेंझोइक ॲसिड मिसळून निकोटिनचा क्षार केलेला, त्यामुळे घशाला ठसका लागत नाही. सिगारेटचा पहिला झुरका पोराला खोकला आणतो, डोळ्यात पाणी आणतो, तोच एक अडसर होता, तोही गेला. जूलच्या एका छोट्या कॅप्सूलमध्ये साधारण वीस सिगारेटच्या पाकिटाएवढं निकोटिन असायचं. परिणाम काय, २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं. चारात एकापेक्षा जास्त! पुढे २०२२ मध्ये त्या कंपनीला मुलांना भुलवणाऱ्या जाहिरातींबद्दल तीसहून जास्त राज्यांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. चांगली गोष्ट अशी की २०२४ पर्यंत तिथलं प्रमाण ७.८ टक्क्यांवर आलं, म्हणजे हे कमी होऊ शकतं, हात टेकायची गरज नाही.

तर अशा मुलाला एकदा सवय लागली की तो "बिघडलेला" नसतो, त्याच्या मेंदूला निकोटिनची मागणी लागलेली असते. विचार करून थांबायचं, मोह आवरायचा हे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि नेमक्या त्याच वयात निकोटिन फार पटकन पकड घेतं. सोडायला गेलं की चिडचिड, झोप नाही, लक्ष लागत नाही, भूक वेगळीच, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त आणि मग दोन ते चार आठवडे उतरत जातं. आता आपल्या पंधरा दिवसांच्या शिक्षेचा हिशोब बघा, मुलाला सर्वात जास्त आधार लागणार ते दिवस तो एकटा, घरात बोलणी खात, वर्गात काय शिकवलं ते बुडालेलं. परत येतो तेव्हा सगळे वेगळ्या नजरेने बघतात. मग जो त्याला आपला म्हणतो त्या घोळक्यात तो जाणार नाही तर कुठे जाणार, सांगा.

एक गोष्ट तर याहून गंभीर आहे आणि ती मला प्रत्येक मुख्याध्यापकाच्या केबिनमध्ये जाऊन सांगावीशी वाटते. शिक्षेची भीती मुलांना दारूपासून लांब ठेवत नाही, ती मुलांना मदत मागण्यापासून लांब ठेवते. चार पोरं जमून दारू पितात, एक जण जास्त पितो, उठवला तरी उठत नाही, झोपेतच उलटी होते, श्वास एकदम संथ, अंग गार, ओठ निळसर. हे विषबाधेचं लक्षण आहे, नशा चढल्याचं नाही. बाकीची तिघं घाबरतात, कोणाला फोन केला तर शाळेत कळेल, काढून टाकतील, बाप मारेल. मग काय करतात, "झोपू दे, सकाळी उतरेल." तो सकाळ बघेलच असं नाही, कारण बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाते आणि पोटात असलेली दारू तो झोपलेला असतानाही रक्तात चढतच राहते. त्याला एका कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, कॉफी पाजायची नाही, गार पाण्याखाली धरायचं नाही, ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायची, एवढं प्रत्येक मुलाला माहीत पाहिजे. आणि त्याच्या जोडीला हे पण माहीत पाहिजे की फोन करणाऱ्यावर शाळा काहीही कारवाई करणार नाही. हे वाक्य शाळेने लेखी द्यावं, वर्गात वाचून दाखवावं. कितीतरी विद्यापीठांनी असे नियम केलेत, मदत बोलावणाऱ्याला माफी, शाळांनी करायला काय हरकत आहे?

व्हाइटनर आणि सोल्युशन हुंगणाऱ्या मुलांचं तर याहून वाईट, कारण ते कोणी ड्रग धरतच नाही. दुकानात उघड मिळतं, घरातही असतं. त्यात टोल्युइनसारखी रसायनं असतात आणि हुंगताना हृदयाचे ठोके बिघडून अगदी पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. हुंगणाऱ्या मुलाला ओरडून, मागे धावून घाबरवलं तर तो धोका वाढतो, कारण घाबरलं की ॲड्रेनलिन वाढतं आणि हृदय आधीच बिथरलेलं असतं. म्हणून अशा वेळी शांतपणे बोलायचं, मोकळ्या हवेत आणायचं, बसवायचं. मला सांगा आपल्यापैकी किती शिक्षकांना हे कोणी शिकवलंय.

मग काय, सोडून द्यायचं का, असं लगेच विचारलं जाईल. अजिबात नाही. सोडून देणं म्हणजे प्रकरण दाबणं, आणि तेही आपण करतो, शाळेचं नाव खराब होईल म्हणून. वस्तू जप्त करायची, आईवडिलांना त्याच दिवशी बोलवायचं, मुलाला समोर बसवून त्यांच्याशी बोलायचं, हे सगळं हवंच. पण त्या आधी मुलाशी एकट्याने अर्धा तास बोला, ज्या शिक्षकाचं तो ऐकतो त्याने बोला, आणि सुरुवातीलाच सांगा की तुला शाळेतून काढणार नाही. जगभर डॉक्टर किशोरवयीन मुलांना काही साधे प्रश्न विचारतात, बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात १९९९ च्या सुमारास तयार झालेले. नशा केलेल्या कोणाच्या गाडीत कधी बसलास का, बरं वाटावं म्हणून किंवा चारचौघांत मिसळता यावं म्हणून घेतोस का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर काय केलं ते विसरलास असं झालंय का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणाले का, यामुळे कधी अडचणीत आलास का. दोन किंवा जास्त प्रश्नांना हो आलं तर डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे न्यायचं, एवढं सोपं आहे. माझा अनुभव असा की "एकटा असताना" या प्रश्नावर मुलं गप्प होतात, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. मित्रांत ओढणारा मुलगा वेगळा आणि रात्री झोप लागत नाही म्हणून पांघरुणात ओढणारा वेगळा, दुसऱ्याच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी दुखणं असतं, घरातली भांडणं, परीक्षेची भीती, कोणीतरी छळतंय, कधी सांगता न येणारं काही. त्याला शिक्षा करून ते दुखणं जाणार आहे का.

त्याला वर्गात ठेवा. सकाळी आल्यावर एका ठरलेल्या शिक्षकाला भेटून जायचं, पाचच मिनिटं, महिनाभर. मैदानावर, प्रयोगशाळेत, कुठेतरी काम द्या. आईवडिलांना सांगा की झडती रोज घेऊ नका, बोलणं रोज करा. आणि जो पुरवतो त्याच्यावर कडक व्हा, सगळा राग तिकडे काढा, अल्पवयीन मुलांना दारू, तंबाखू, व्हेप विकणाऱ्या मोठ्या माणसावर तक्रार करायला शाळा कचरतात आणि तेरा वर्षांच्या पोरावर मात्र शूर होतात, हे मला बघवत नाही. एखादा मुलगाच दुसऱ्यांना विकत असेल तर तो प्रश्न वेगळा आहे, तिथे बाकीच्या मुलांचं संरक्षण आधी, पण तिथेही बहुतेकदा त्याच्या मागे कोणीतरी मोठा असतो आणि तो मुलगा वापरला जात असतो हे विसरू नका.

आता पकडण्याच्या आधीचं. वर्षातून एकदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून काळ्या फुप्फुसाचे फोटो दाखवायचे, २६ जूनला शपथ घ्यायची, पोस्टर स्पर्धा, झालं. यात वाईट हेतू कोणाचाच नाही पण उपयोग होत नाही, हे आता नीट माहीत आहे. अमेरिकेत १९८३ पासून पोलिस वर्गावर येऊन ड्रग्जविरुद्ध शिकवायचे, डेअर नावाचा कार्यक्रम, हजारो शाळांत चालला, मुलांना टीशर्ट मिळायचे, आणि १९९० च्या दशकात तपासलं तेव्हा कळलं की मुलांच्या वागण्यात फरक जवळजवळ शून्य. शेवटी त्यांना तो अभ्यासक्रमच बदलावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने २०१३ मध्ये काय चालतं आणि काय चालत नाही याचे निकष काढले त्यात स्पष्ट म्हटलंय की नुसती माहिती देणं, नुसतं घाबरवणं आणि पूर्वी व्यसनी असलेल्या माणसाची कहाणी ऐकवणं याने काही साधत नाही. चालतं ते म्हणजे सरावाने शिकवलेली कौशल्यं, "नको" कसं म्हणायचं, राग आला तर काय करायचं, मित्र टर उडवायला लागले तर काय बोलायचं, हे जोड्या करून, नाटक करून, अनेक तासांत. आणि मुलांना खरा आकडा सांगणं. कारण प्रत्येक मुलाला वाटतं "सगळेच करतात", आणि सगळे करत नसतात, बहुतेक मुलं करत नाहीत. हे एकदा वर्गात नावं न लिहिता चिठ्ठ्या टाकून मोजून दाखवा, मुलं एकमेकांकडे बघायला लागतात.

आइसलँडचं उदाहरण मी पालक सभेत नेहमी देते. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती, युरोपातल्या सगळ्यात वाईट अवस्थांपैकी एक म्हणा ना. २०१६ ला ते प्रमाण ५ टक्के झालं. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्के. त्यांनी काय केलं, तर व्याख्यानं वाढवली नाहीत. दर वर्षी मुलांना नाव न लिहिता प्रश्नावली दिली आणि प्रत्येक शाळेला तिचा स्वतःचा निकाल दोन-तीन महिन्यांत दिला, खेळ आणि संगीताच्या क्लासला सरकारने पैसे दिले, तेही खरे प्रशिक्षक ठेवून. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री १० नंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहायचं नाही असा नियम कडक पाळला. आणि पालकांनी एकत्र बसून लेखी करार केले, आमच्या घरी मुलांच्या पार्टीत दारू असणार नाही, तुमचा मुलगा आमच्याकडे असेल तर आम्ही तुम्हाला सांगू. हा शेवटचा भाग फुकट आहे. त्याला ना सरकार लागतं ना बजेट, एका वर्गाचे पालक एका संध्याकाळी बसले तरी होतो, कारण एकट्या घराने नियम केला की मूल म्हणतं "त्याच्याकडे चालतं" आणि सगळ्यांनी मिळून केला की ते वाक्यच संपतं.

यावरून आठवलं, बरेच सुशिक्षित पालक म्हणतात की आम्ही घरीच थोडी चव देतो म्हणजे बाहेर जाऊन पिणार नाही. हे प्रेमापोटी करतात, मला कळतं. पण ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांवर सहा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात घरून दारू मिळालेल्या मुलांना कुठलाही फायदा झालेला दिसला नाही, उलट ती मुलं पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवायची शक्यता जास्त. आणि १५ वर्षांच्या आत पिणं सुरू करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण २१ नंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळपास चौपट असतं. म्हणजे दोन-तीन वर्षं उशीर करून घेतला तरी तो मोठा फायदा आहे. आमचा मुलगा पुढे कधीच पिणार नाही अशी हमी कोणी मागत नाही, आत्ता नको एवढंच.

आणि पालकांना अजून एक विनंती, मुलाचा व्हेप सापडला तर पहिल्या पाच मिनिटांत काहीही बोलू नका. पाणी प्या, बसा. "हे काय आहे" पेक्षा "हे कधीपासून आहे" हा प्रश्न जास्त कामाचा. मूल खोटं बोलेल, बोलू द्या, दुसऱ्या दिवशी परत विचारा. कानाखाली मारलेल्या मुलाने पुढच्या वेळी घरात सांगितलंय असं मी तरी बघितलेलं नाही.

शेवटी तुमच्याकडे मागणं आहे संपादक साहेब. अशी बातमी छापताना शाळेचं नाव, गल्लीचं नाव, मुलाचा धूसर केलेला फोटो, "बड्या घरातली मुलं" असले शब्द टाळता आले तर टाळा, कारण आजूबाजूचे सगळे ओळखतात आणि नावाच्या भीतीने पुढची शाळा प्रकरण दाबते. वस्तू कुठे मिळते, केवढ्याला मिळते, कशी लपवतात हे खुलासेवार छापू नका, मुलंही पेपर वाचतात, मोबाइलवर तरी नक्की. त्याऐवजी त्या चौकटीत बेशुद्ध पडलेल्या मित्राला कुशीवर कसं वळवायचं त्याचं चित्र आणि मदतीसाठी फोन कुठे करायचा ते छापा. आणि "कडक कारवाई केली" असं शाळेने सांगितलं की तुमच्या वार्ताहराने एक प्रश्न जरूर विचारावा, तो मुलगा आज कुठे आहे, आणि त्याच्याशी कोण बोलतंय?

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका